रुळात अडकलेलं चाक

देव आहे का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो माझं ऐकतो का, हा मात्र त्या वर्षी रोज पडायचा. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही अडखळू लागलं. रत्नागिरीच्या आतल्या बाजूला आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात मी लेखनिक. सकाळी त्यांचं सगळं आवरून शाळेत जायचं, संध्याकाळी येऊन त्यांच्या हातापायाला तेल लावायचं, आणि रात्री देवासमोर दिवा लावताना मनात नुसता राग. झटका येण्याआधी हे दर संकष्टीला सायकलने गणपतीपुळ्याला जायचे. आजारपणात त्यांना सगळ्यात जास्त काय सलत होतं, तर ती चुकलेली वारी. पडवीत टेकून ठेवलेल्या सायकलकडे ते तासन्‌तास बघत बसायचे.

एक दिवस मी म्हटलं, "तुमच्या जागी मी जाते."

ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. कारण मला सायकल येत नव्हती.

मी शिकले. शाळा सुटल्यावर मैदानावर, पदर खोचून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. शाळेतल्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या, मग त्यांच्यातल्याच दोघीतिघी मागून सीट धरायच्या. गुडघे सोलवटले, पण हट्ट सोडला नाही. खरं सांगायचं तर त्या हट्टात भक्ती थोडी आणि भांडण जास्त होतं. मला पुळ्याला जाऊन त्याला समोरासमोर विचारायचं होतं की, आमचं काय चुकलं?

दसऱ्यानंतरच्या संकष्टीला उजाडताच निघाले. चढणीला उतरून, उतारावर ब्रेक धरून, जपून चालले होते. गावाखाली रेल्वेचं फाटक आहे. तिथे रस्ता रुळांना सरळ काटत नाही, तिरका जातो. फाटक उघडं होतं. रूळ दवाने ओले होते. उतरायला हवं, एवढं मनात आलंही, पण आत्ता कुठे सायकलला गती मिळाली होती आणि मला ती मोडायची नव्हती. मी तशीच तिरकी पुढे गेले. रूळ आणि रस्ता यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात पुढचं चाक गेलं आणि हँडल माझ्या हातातून कोणीतरी हिसकावून घ्यावं तसं फिरलं. मी डाव्या हातावर आपटले. मनगटात काहीतरी कट्‌कन वाजलं.

मी उठले, तेवढ्यात केबिनजवळ घंटी वाजली. फाटकवाला ओरडला, "ताई, बाजूला व्हा! गाडी यायची आहे!" फाटक पडायच्या आत निसटावं म्हणून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक माझ्या मागच्या उतारावरून जोरात खाली येत होता. आणि मी काय करत होते? उजव्या हाताने सायकल ओढत होते. चाक फटीत घट्ट रुतलं होतं. ती सायकल माझ्या लेखी लोखंड नव्हती. ती सोडली तर ह्यांचं उरलंसुरलं बळच मी रुळावर टाकून दिलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता, तरी माझी मूठ सुटत नव्हती.

समोरून एक मासेवाली बाई येत होती. तिने डोक्यावरची पाटी उतरवली, धावत मला ओलांडून ट्रकच्या दिशेने गेली, ती पाटी भर रस्त्यात ठेवली आणि दोन्ही हात वर करून ट्रकच्या समोर उभी राहिली. मग मान वळवून माझ्यावर ओरडली, "अगो, सोड ती सायकल! जीव वाचव आनि नीघ!"

त्या आवाजात काय होतं, मला सांगता येणार नाही. महिनोन्‌महिने आवळलेली मूठ त्या एका शब्दाने उघडली. मी सायकल सोडली आणि रुळांपलीकडे जाऊन मटकन खाली बसले. ब्रेक करकरले. ट्रक पाटीला लागून थांबला, बांगडे रस्ताभर झाले. ड्रायव्हर पांढराफटक पडून खाली उतरला. त्याने आणि फाटकवाल्याने हिसडा देऊन सायकल काढली, सगळे बाजूला झाले, फाटक पडलं आणि थोड्या वेळाने गाडी धडधडत निघून गेली. माझा हात बघून ड्रायव्हरनेच मला ट्रकमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत बाईचं नावही विचारायचं राहिलं.

हाताला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा मी देवावर पुरती रुसले होते. त्याच्याकडेच निघाले होते ना मी! सायकल दोन दिवसांनी घरी आली, पुढचं चाक वाकलेलं. ह्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या प्लास्टरवर डावा हात ठेवून एक एक अक्षर जुळवत ते म्हणाले, "तू... आलीस... ना."

त्या संध्याकाळी दिवा लावला. हात जोडायला गेले तर माझा डावा गळ्यात बांधलेला. ह्यांचा उजवा तर उठतच नव्हता. त्यांनी आपला डावा हात पुढे केला आणि माझ्या उजव्या तळव्याला टेकवला. दोघांचा मिळून एक नमस्कार झाला. मी खूप रडले. राग त्या रडण्यात कधी वाहून गेला, कळलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी त्या बाईला शोधत मासळीबाजारात गेले. वाटलं होतं, ती सापडायची नाही. पण सापडली, कोयत्यावर सुरमई कापत बसलेली. मी पाया पडायला वाकले तर दचकली. "रोज मी रिक्षानं वरच्या रस्त्यानं जाते गो बाय, त्या फाटकाकडं माजं काय काम? त्या दिवशी रिक्षा बंद पडली म्हनून चालत निघाले," ती म्हणाली आणि पुन्हा सुरमईला लागली. मग मान वर न करता विचारलं, "मालक बरा हाय का तुजा?" मी तिला ह्यांच्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. कदाचित फाटकवाल्याने सांगितलं असेल. मी विचारलं नाही.

सायकलचं वाकलेलं चाक बदलून घेतलं आणि पुढच्या संकष्टीला पुन्हा निघाले. मनगट दुखत होतं, भीतीही वाटत होती. फाटकाच्या बरंच अलीकडे उतरले, दोन्ही बाजूंना पाहिलं, सायकल हातात धरून रुळांना काटकोनात ओलांडून गेले. उतरणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला त्या दिवशी उमगलं. पुळ्याला पोचले, देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा केली आणि गाभाऱ्यासमोर उभी राहिले, तेव्हा विचारायला आणलेला प्रश्न तोंडातून निघालाच नाही. बरं वाटलं, एवढंच.

हे आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. पुढे किती येतील, ते त्याच्यावर सोडलं आहे. जे माझ्या हातात आहे ते मात्र मी सोडलेलं नाही. शाळेतल्या सायकलवाल्या मुलींना घेऊन मी फाटकावर गेले, चाक कुठे अडकतं ते दाखवलं, प्रत्येकीला उतरून रूळ ओलांडायला लावलं. ग्रामपंचायतीच्या मागे लागून लागून तिथे उतरून जाण्याच्या सूचनेची पाटीही लावून घेतली. काही मुली अजून कंटाळा करतात. मग मी सकाळी शाळेच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहते. मला बघितलं की त्या मुकाट्याने उतरतात, आणि रूळ ओलांडून पलीकडे गेल्या की सायकलची घंटी वाजवतात.