खोडलेलं नाव

लेकीच्या शाळेसाठी वंशावळ काढायची होती, म्हणून भावाने पुण्याहून अबुधाबीला येताना आईच्या ट्रंकेतले कागद आणले. जुनं रेशनकार्ड उघडलं आणि त्या कुबट वासासरशी मी आठ वर्षांची झाले.

कार्डावर माझ्या नावाच्या वर 'सुमन' हे नाव खोडलेलं होतं. "आई, ही कोण?" मी विचारलं होतं. आई पोळ्या करत होती. "कारकुनाची चूक," एवढंच म्हणून तिने पाठ फिरवली. तव्यावरची पोळी करपायला लागली, तेव्हा मी हसत म्हणाले होते, "लक्ष कुठंय तुझं?"

त्याच कागदांत आज सुमनचा मृत्यूचा दाखला सापडला. माझ्याआधीची मुलगी, दीड वर्षाची होऊन गेलेली. आता विचारायला आईही नाही.

"मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग?" लेकीने विचारलं.

"माझी ताई गेली गं," मी म्हणाले.