उमरीकर काकांची नाडी

उमरीकर काका ऑफिसात आले की माणसांना नमस्कार करायच्या आधी मशीनची तब्येत विचारायचे. डबा टेबलावर, चष्मा नाकावर, आणि उभ्याउभ्याच काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायचे : नाडी. लगेच पडद्यावर चांदण्यांच्या खुणांचा एक ग्राफ उमटायचा. सर्व्हरवर किती ताण आला, मेमरी किती गेली, डिस्क किती भरली, सगळं त्यात. माउस नाही, रंग नाहीत. हा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला. वीस वर्षं तो प्रत्येक मशीनची दर मिनिटाला नोंद घेत होता. कंपनीनं विकतची चकचकीत साधनं आणली तेव्हा काका ती कौतुकानं बघायचे, "हौ, खूबसूरत आहे बा," म्हणायचे आणि पुन्हा आपल्या चांदण्यांकडे वळायचे.

मी पुण्याची, त्यामुळे मला मत असतंच. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर अडखळला आणि मी चारचौघांत तीन कारणं ठणकावून सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून मला बसवलं. "अंदाज नक्को, माय. नाडी बघ." तिन्ही कारणं चूक निघाली. मला राग आला होता, पण त्या दिवसापासून मी त्यांची चेलीच झाले. आजोबांपासून त्यांचं घर इथल्याच चिक्कडपल्लीत. मराठीत दख्खनी आणि तेलुगू सहज मिसळायचे, आणि आमच्या सदाशिवपेठी मराठीला "इस्त्री केलेली" म्हणायचे.

आमची कंपनी तपासणी केंद्रांचे रिपोर्ट सांभाळायची. रक्ताचे, लघवीचे, गाठीचे. शहरातले कितीतरी डॉक्टर ते रिपोर्ट पाहूनच पुढचं ठरवायचे. त्या उन्हाळ्यात एक सर्व्हर मध्येच क्षणभर गोठायचा आणि मिनिटाच्या नोंदीत ते सापडायचं नाही. मीच काकांच्या मागे लागले, "सेकंदाला नोंद घ्या ना, त्याशिवाय कळायचं नाही." ते म्हणाले, "साठपट फाइली होतील." मी म्हटलं, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." त्यांनी केलं. दोन दिवसांत दोष सापडला, आम्ही चहा प्यायलो, आणि नाडी परत मिनिटावर आणायचं दोघंही विसरलो.

सोळाव्या दिवशी सकाळी मी त्याच सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवला आणि दहा मिनिटांत सगळं बंद पडलं. सगळं काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवेपर्यंत सहा तास एकही रिपोर्ट निघाला नाही. टेबलावर घेतलेल्या एका पेशंटचं ऑपरेशन थांबवावं लागलं, हे फोनवर कळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हात कुणी लावला होता?" मीच लावला होता. सोमवारी चौकशी ठरली.

माझी अवस्था काय सांगू? दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत बाबा अर्धांगवायूनं पडलेले. त्यांचं औषधपाणी, मालीशवाली, सगळं माझ्या नोकरीवर. दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्यांचा हात पुन्हा आखडला असता. दोन दिवस मी जेवले नाही. बाबांना भरवायला बसले की ते डोळ्यांनी विचारायचे काय झालं म्हणून.

रविवारी सकाळी मी चिक्कडपल्लीला गेले. काकू देवळात गेल्या होत्या. दार उघडताच मी रडायला लागले. म्हटलं, "काका, त्या सकाळची नोंद काढून टाका. माझा प्रोग्राम चढला आणि मशीन पडलं, हे ग्राफमध्ये दिसेलच. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही." लाज वाटते सांगायला, पण मी पायसुद्धा धरले.

काकांनी मला उठवलं. "नोंद पुसायची नाही, माय. वीस साल झाले, एक ओळ पुसली नाही." मला त्या क्षणी त्यांची विलक्षण चीड आली. चांदण्यांचा ग्राफ मोठा की माझा बाप? त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघ तर आधी. अंदाज नक्को."

डिस्कची रेघ चढत होती. माझ्या प्रोग्रामच्या कितीतरी आधीपासून, रोज थोडी थोडी, सोळा दिवस. त्या सकाळी ती वर टेकली आणि तिथेच नोंद संपली, कारण नोंद लिहायलाही जागा उरली नव्हती.

"कुणाच्या फाइली या?" मी विचारलं.

"माझ्या. नाडीनंच भरली डिस्क. मशीन बघणाऱ्यानंच मशीन पाडलं." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"पण सेकंदाचं मी सांगितलं होतं."

"सांगितलंस तू. केलं मी. रोज ही रेघ बघत होतो, थोडी थोडी चढली म्हणून ध्यानात नाही आलं. परत आणायचं काम माझं होतं. परेशान नको होऊस, घरी जा, बाबांना बघ."

मी जिना उतरले तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते : सुटले. त्यांचं काय होईल हा विचार बसमध्ये चढल्यावर आला.

सोमवारी काकांनी ग्राफ सगळ्यांपुढे ठेवला आणि चूक आपली म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, "सेकंदाला नोंद कशासाठी? कुणी मागितली होती?" काका म्हणाले, "मला वाटलं म्हणून केलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत बसले. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. मी उघडलं नाही.

निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांना जायला सांगितलं, आणि जायच्या आधी नाडी सगळ्या मशीनवरून काढायला लावली. जुन्या नोंदींसकट. काका एकेका मशीनवर जाऊन स्वतः कमांड टाइप करत होते. मी शेजारी बसले होते. शेवटच्या मशीनवर त्यांचं बोट बराच वेळ बटणावर राहिलं. मी म्हटलं, "मी दाबू का?" "नक्को," म्हणाले, "हे माझं मलाच करू दे."

त्यानंतर त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी फोन वाजू दिला. पावसाळा संपता संपता ते गेल्याचं ऑफिसात कळलं. झोपेतच गेले म्हणे. मी भेटायला गेले नाही. काकूंसमोर कुठल्या तोंडानं बसणार होते?

मध्यंतरी सुलतान बाजारात बाबांसाठी सुती कापड घेत होते, तर पाठीवर हात पडला. काकू. खूप वाळल्या होत्या. बाबांची चौकशी केली, हात आता वर जातो ऐकून खरंच आनंदल्या. मग मला दुकानाच्या पायरीशी बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वैदेही, तू तर तिथेच होतीस. मला त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही गं. नुसते भिंतीकडे बघत बसायचे. खरंच का त्यांची एकट्याची चूक होती?"

मी म्हटलं, "काकू, इथे फार गर्दी आहे. घरी येऊन सांगते."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "ये. मी दुपारी घरीच असते."

त्याला आता तीन आठवडे झाले.