सत्तावीस नंबरचा दगड

आमच्या भूगर्भशास्त्राच्या बाई दगडाला जीभ लावायच्या. ओला झाला की कण नीट दिसतात, म्हणून. मुलं त्यांना ‘दगडबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही असावं.

आमच्याकडे जिकडंतिकडं काळा बेसाल्ट. रूपांतरित खडक दिसायचे ते फक्त कपाटात. उस्मानपुऱ्यातल्या फरशीच्या दुकानांतून बाई तुकडे मागून आणत आणि दोन टेबलांवर मांडत. पापुद्रे किंवा पट्टे दिसणारे एकीकडं : स्लेट, शिस्ट, नाइस. न दिसणारे दुसरीकडं : संगमरवर, क्वार्टझाइट. “दाब आणि उष्णता सोसून चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट. पण न वितळता, बरं का! वितळला की तो या टेबलावरचा नाही.”

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहिला वर्ग नाही आला तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सोयगावाहून निघताना बजावलेलं. माझ्यापुढं सत्तावीस नंबरचा पांढरा दगड आला. ॲसिड टाकलं, बुडबुडे नाहीत. खरवडून भुकटीवर टाकलं, तरी नाहीत; संगमरवर असता तर फसफसला असता. काचेवर ओढला, ओरखडा उठला; संगमरवर काचेपेक्षा मऊ असतो. मी लिहिलं : क्वार्टझाइट.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उत्तरांची यादी पाहिली. “चूक. संगमरवर आहे.”

“सर, हा संगमरवर नाय,” मी म्हणाले.

“यादी तुमच्या मॅडमचीच आहे.”

बाई उठून आल्या. दगड जिभेला लावला, ॲसिड टाकलं, काचेवर ओढला. “पोरगी बरोबर आहे. यादी चुकलीय.”

“राहू द्या मॅडम,” परीक्षक हळूच म्हणाले. “गुण देतो मी तिला.”

“गुण तर द्याच. पण मी इतकी वर्षं हा संगमरवर म्हणून शिकवलाय.”

त्याच दिवशी आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : ‘सत्तावीस नंबर क्वार्टझाइट आहे. मी चुकीचं शिकवलं. वहीत दुरुस्त करा.’ कुणीतरी लिहिलं, ‘मॅडम, वह्या कधीच रद्दीत गेल्या.’ बाईंचं उत्तर : ‘मग डोक्यात दुरुस्त कर.’

मला पहिला वर्ग मिळाला. बाई निवृत्त होऊन लेकीकडं गेल्या, तिथंच वारल्या. आता मी शिकवते. मागच्या महिन्यात फळ्यावर शिस्टच्या जागी नाइस लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच सांगून टाकलं. सांगताना माझा आवाज कापला. परीक्षेच्या त्या दिवशी बाईंचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. ते मला अजून जमलेलं नाही.