सासूबाईंच्या राजीनाम्याचे परिणाम

अजून पोटातही नसलेल्या नातवासाठी माझ्या सासूबाईंनी चालती नोकरी सोडली आणि याला सर्वस्वी माझं शिक्षण जबाबदार आहे.

रविवारी, बोरिवलीच्या आमच्या घरात कोलंबी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "काय गो, आणखी किती दिवस दोघंच?" माझा नवरा समीर लगेच खाली मान घालून काटे काढू लागला. (कोलंबीला काटे नसतात.)

मी एका संशोधन संस्थेत काम करते. कुटुंबांना मिळणाऱ्या सवलतींचा जननदरावर आणि आईबापांच्या नोकऱ्यांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. 'इतक्यात नको वाटतं' असं साधं उत्तर देण्याऐवजी मी या विषयाच्या आड लपले.

"आई, नुसत्या पैशांनी भागत नाही. मूल सांभाळायला खात्रीचं माणूस लागतं. ते नसलं की बायका नोकरी तरी सोडतात, नाहीतर मूल तरी लांबवतात."

"म्हणजे माणसापायी अडलंय?"

"मुख्यतः," मी म्हणाले. अशा शास्त्रीय शब्दावर कोणी कृती करेल, अशी शंकाही मला आली नाही.

त्यांनी राजीनामा दिला तो बुधवारी.

"अहो आई, पण सांभाळायचं कोणाला?"

"येईल ना. आधी सोय, मग मूल. तूच म्हणालीस."

इथे एक तपशील सांगणं भाग आहे. सासूबाईंची नोकरी आमच्याच गल्लीतल्या पाळणाघरात होती. तिथली मुलं त्यांच्याशिवाय कोणाच्या हातून घासही घेत नसत, त्यामुळे मालकीणबाईंनी दोन दिवस झुंज देऊन दाराला कुलूप लावलं. थोडक्यात, परिसरातल्या बालसंगोपनाच्या एकमेव व्यवस्थेचा मी एका क्रियाविशेषणात निकाल लावला होता.

सोमवारी सकाळी शेजारच्या विंगमधली पूर्वा मुलीला कडेवर घेऊन दारात उभी.

"काकू आहेत ना गं? माझी वाट लागली यार. मालाडला पोचायचंय, रजा एक शिल्लक नाही. हिला ठेव ना प्लीज."

"आण गो तिला," आतून सासूबाई आनंदाने म्हणाल्या. दुपारपर्यंत आणखी दोन मुलगे आले.

"आई, शुक्रवारी घरून माझं सादरीकरण आहे. बढती त्यावर ठरणार आहे."

"मग कर की. तोवर तुझा हातही बसेल."

शुक्रवारी ऐन वेळी मालकीणबाईंनी सासूबाईंना बोलावून घेतलं. "पाच मिनिटांत आले," असं म्हणून त्या गेल्या आणि वाटाघाटींना बसल्या. मी पडद्यावर आलेख दाखवत होते: मूल झालं की आईची बढती मागे पडते, बापाची पडत नाही. इतक्यात पूर्वाची मुलगी माझ्या मांडीवर चढली, एक मुलगा टेबलाखालून चार्जर ओढू लागला आणि दुसऱ्याने संडासातून "झाली" अशी घोषणा केली. समीर धावत येऊन टेबलाखालच्याला उचलून घेऊन गेला.

"नवरा फार मदत करतो हो तुमचा," आमचे संचालक कौतुकाने म्हणाले. "गोड आहेत मुलं."

"सर, ही माझी नाहीत."

मांडीवरच्या मुलीने माझ्या गळ्याला मिठी मारली.

"कामाच्या गडबडीत असं वाटतं खरं," ते हसून म्हणाले.

सासूबाई परतल्या त्या पगारवाढ घेऊनच. "सोमवारपासून पाळणाघर चालू. आता घरी माणूस नाही हां, तुझी अडचण तुला परत," असं म्हणून त्यांनी तिन्ही मुलांना वरणभात भरवला. मुलं गुपचूप जेवली.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. काम उत्तम आहे, पण तीन लहान मुलं पदरात असताना जबाबदारी वाढवणं बरं नव्हे, पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी वडीलकीने समजावलं. मी पुन्हा खरं सांगून पाहिलं. "लाजायचं काय त्यात?" ते म्हणाले. पद माझ्या सहकाऱ्याला मिळालं. त्याला दोन मुलं आहेत, पण ती कधी पडद्यावर आलेली नाहीत.

मुलं शून्य, मुलांपायी हुकलेली बढती एक, सासूची पगारवाढ एक: अशी नोंद माझ्या अभ्यासात आली असती, तर प्रश्नावली भरणाऱ्या बाईचं काहीतरी चुकलंय असं समजून मी ती शांतपणे गाळून टाकली असती.