अप्पांचा मागे जाणारा हात

अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी बहारीनच्या सनद भागातल्या एका घराच्या गच्चीवर एसी उघडून बसलो होतो. खालून आमचा मल्याळी फोरमन ओरडला, "अरे, तुम्हारा मिनिस्टर खलास! रेडिओ पे बोला." मी वरून विचारलं, "कौनसा?" जसे काही माझ्या खिशात चार-पाच मिनिस्टर होते. नाव ऐकलं आणि आधी आला तो राग. मग रडू आलं, त्याचाही राग आला. त्या भरात पंखा उलटा जोडून मी खाली उतरलो.

तेव्हापासून पेपरांत रोज छापून येतंय, की अप्पा हाती आलेलं प्रत्येक निवेदन स्वतः वाचत. वाचत म्हणे! …आणि एके काळी खरंच वाचत, तीच तर चीड आहे. मंत्री-बिंत्री होण्याआधी आमच्या गावच्या खाडीच्या धक्क्यावर पालथ्या होडीवर बसून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अंगठा घेण्याआधी अख्खा अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचे. "ज्याचा अर्ज, त्याच्या कानावर आधी पडायला हवा," म्हणायचे. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत भिंती रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मी घाईत साचा उचलला तो विरोधकांचा, आणि माझ्याच आत्याच्या भिंतीवर त्यांची निशाणी ठसठशीत उमटवली. आत्या झाडू घेऊन धावली. अप्पा मात्र पोट धरून हसले, "राहू दे रे. आत्याचं मत आपल्याला, भिंत त्यांना!" अशा माणसासाठी मी काय वाटेल ते केलं असतं… केलंही.

सत्तरचं दशक सरता सरता अप्पा केंद्रातले मंत्री म्हणून बहारीनला आले. मी तोवर इथे एसीच्या कामाला लागलो होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाने क्लबच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला आणि गाववाला म्हणून त्यांच्या मागे उभं राहायचा मान मला मिळाला. नव्या सफारीचं बटण पोटावर लागेना, म्हणून मी श्वास रोखून उभा. तेवढ्यात विश्राम घाडी पुढे आला. आमच्या शेजारच्या वाडीतला गवंडी. गावी बाप अंथरुणाला खिळलेला आणि कंपनी पासपोर्टही देईना, लीव्हही देईना. त्याने निवेदन दिलं. अप्पांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "दिल्लीला उतरलो की पहिलं काम हे." टाळ्या पडल्या. विश्रामच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. आणि अप्पांचा हात कागदासकट, न बघता, मागे आला. सत्कारातली शाल तशीच मागे आली होती, नारळही तसाच. पुढून घ्यायचं, मागे द्यायचं… दिल्लीत मागे सेक्रेटरी असतो, इथे मी होतो. मी शाल, नारळ आणि विश्रामचा बाप एकाच पिशवीत कोंबले. ती पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत राहिली आणि अप्पा विमानात बसून गेले.

चार दिवसांनी सापडली. निवेदन उचलून सरळ पोस्टात टाकायचं, एवढी अक्कल शेळीलाही असते. मी काय केलं? अप्पांना सुवाच्य अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं, "आपली शाल व श्रीफळ येथे राहिले आहे, काय करावे?" निवेदनाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही "ता. क." म्हणून. महिन्याने टाइप केलेलं उत्तर आलं: "शाल-श्रीफळ आपणच ठेवावे." सही अप्पांची. निवेदनाबद्दल अक्षर नाही. तोंड उघडलं असतं तर अप्पा उघडे पडले असते आणि त्यांच्याबरोबर मीही, म्हणून मी पिशवी कपाटावर टाकली. दर शुक्रवारी विश्राम विचारायचा, "दादानू, दिल्लीसून काय?" आणि मी म्हणायचो, "इंशाल्ला." एका शुक्रवारी त्याने विचारलंच नाही. बाप गेला होता.

दोन महिन्यांनी कंपनीचं काम संपलं आणि सगळ्यांनाच पासपोर्ट मिळाले. विश्रामला वाटलं, अप्पांनी दिल्लीहून सूत्रं हलवली. नव्या नोकरीवर गावाहून परतताना त्याने अप्पांचा फोटो आणला आणि खोलीत लावला. मी तो इतकी वर्षं दर शुक्रवारी बघत आलो. गप्प.

परवाच्या शोकसभेत विश्राम माइकवर उभा राहिला. "माझो बापूस माका जितो नाय गावलो, ता माझा नशीब. पण अप्पांनी माझो कागद वाचलो," म्हणाला आणि ढसाढसा रडला. सगळा हॉल डोळे पुसत होता. मी उठलो, बायकोने शर्ट ओढला, "बसा खाली! सुतकात तमाशा नको." बसलो. आयुष्यभर बसतच आलोय.

शुक्रवारी पिशवी घेऊन विश्रामच्या खोलीवर गेलो. कागद काढला आणि धक्क्यावरची रीत आठवून मोठ्याने वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. "माझे वडील फार दिवस काढतील असे वाटत नाही," इथे ओळ चुकली, ती पुन्हा वाचली. मग सगळं सांगितलं. डिकी, पत्र, "ता. क.", दर शुक्रवारचं इंशाल्ला.

विश्रामने पिशवीत हात घातला. नारळ उचलून कानाशी हलवला, आत सुका गोटा खुळखुळला. "दादानू," म्हणाला, "तुमका शिवी देवक पण माका आज सुचणा नाय." मग उठला. मला वाटलं, फोटो फोडतो. त्याने निवेदन उलगडलं आणि अक्षरं आतल्या बाजूला, अप्पांच्या डोळ्यांसमोर येतील असं काचेवर चिकटवलं. हसरा चेहरा पार झाकला गेला.

"आता वाचूंदेत," विश्राम म्हणाला. "तेंका येळच येळ आसा."