डाव्या वहाणेचं टोक

आधीच सांगून टाकते — मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं. गावात कुणाच्या अंगात आलं, की मी उठून मागच्या दाराने निघून जायची. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना इतकं पिडायची, की पुढे पुढे माझ्यासमोर कुणी तो विषयच काढेना. तेव्हा हे मी लिहिते आहे याचं सगळ्यात जास्त नवल मलाच आहे…

साठ सालाच्या आसपासची गोष्ट, मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. आमचं घर मालवणहून देवबागला जाताना लागतं, समुद्राला चिकटून. बाबा रापणीचे मुख्य. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. सकाळी बाबांची हाक आली, की घराघरातून माणसं वाळूत उतरायची. तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. उन्हात वाळणाऱ्या जाळ्याचा वास आला, की अजून मी उगाच दाराकडे बघते.

मग चालता चालता बाबांच्या पायातली वहाण निसटून मागे राहायला लागली. त्यांना पत्ताच नसायचा, मीच ती उचलून मागून पळायची. डावा पाय नीट उचलला जाईना, टोक घासत जाई आणि वाळूत त्यांच्या मागे एक रेघ उमटे. उजवी वहाण कोरीच्या कोरी, डावीचं टोक मात्र झिजून जायचं. नंतर सदऱ्याची बटणं लावता येईनात, हातातून दोर सुटायला लागला. वाडीने वात ठरवला, तेलं चोळून झाली. शेवटी मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत काहीतरी दबलंय, मुंबईला न्या, ऑपरेशन लागेल.

आईने वेतोबाला नवस केला. वेतोबा आमचा राखणदार. तो गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी समजूत, म्हणून त्याला वहाणांचा जोड वाहतात — हातभर लांब, माणसाच्या पायात येणारच नाही असा. आईने तो सावंतवाडीहून करवून आणला. मी स्वतः देवळात ठेवला, म्हणून सांगते, कोरा करकरीत होता. बाबा म्हणाले, "देवाक नवी वहाणा आणि माका सुरी. बरो न्याय आसा गो तुझो."

तेव्हा मुंबईला जायचं तर किनाऱ्यावरून पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, जाऊन बोटीवर चढावं लागे. जन्मभर दुसऱ्यांना हात देऊन होडीत घेणाऱ्या बाबांना चौघांनी उचलून चढवलं. मी तोंड फिरवून रडले.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं — मणक्याचं हाड वाढून आतला मज्जारज्जू चेपलाय, मानेच्या मागून हाड काढून त्याला जागा करून देऊ. पण गेलेली ताकद परत येईल असं धरून चालू नका, आहे ती टिकली तरी पुष्कळ. दवाखान्यात बाबा शुद्ध बोलायचे. त्यांनी एकच विचारलं, "वाळूत चालता येईल?"

ऑपरेशन झालं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर बाबा पुटपुटले, "हंय पण वाळूच गो." बरेच दिवस गेले, आणि मग एका सकाळी नर्सच्या आधाराने ते उठले, चालले. डावा पाय स्वच्छ उचलला जात होता. इतकं डॉक्टरांनाही अपेक्षित नव्हतं. याचं श्रेय मी पूर्णपणे त्यांच्या हातांना देते, त्यात दैवी काही नाही.

पुढचं मात्र…

गावी आल्यावर पाया पडायला देवळात गेलो. गुरवाने आमचा जोड पुढे ठेवला. उजवी वहाण कोरी. डावीचं टोक घासून आरपार गेलेलं, आणि चामड्यात बारीक वाळू. उंदीर म्हणावं तर कुरतडल्याची खूण नाही. कुणी घातली म्हणावं तर असा पाय कुणाचा? गुरव म्हणाला, "माजो हात लागाक नाय, बाय." आईने ती वहाण कपाळाला लावली. "तुझ्या बापाशीचा दुखणा देवान आपल्या पायार घेतल्यान."

बाबा तिला हसले नाहीत. त्यानंतर ते पुन्हा रापणीवर उभे राहिले, पण देवळावरून जाताना मुद्दाम सावकाश चालायचे. मी घाई केली की म्हणायचे, "हळू चल गो. तो मागे रवता." दर जत्रेला आई नवा जोड वाही आणि जुना घरी आणी. दर वर्षी डावीचंच टोक गेलेलं. मी हर तऱ्हेचे तर्क लढवले, शाळेतल्या सहकाऱ्यांना दाखवलं. ते वहाण उलटीसुलटी करून बघत आणि माझ्या हाती परत देत.

साठचं दशक संपता संपता, जत्रा उरकली त्याच आठवड्यात बाबा गेले, झोपेत, शांतपणे. पुढच्या जत्रेला आम्ही वर्षाचा जोड आणायला देवळात गेलो. दोन्ही वहाणा अगदी सारख्या झिजल्या होत्या, टाचेशी, धडधाकट माणसाच्या झिजतात तशा.

बाबांना अग्नी दिला तेव्हा मी रडले नव्हते, आईला सांभाळत होते. जत्रेच्या त्या दिवशी मात्र डाव्या वहाणेच्या शाबूत टोकावरून बोट फिरवलं आणि वाटलं — आता बाबा खरंच गेले. मग मी देवळाच्या पायरीवर बसून पोटभर रडले.