संप करायचा तर कुणाविरुद्ध?

माझे अण्णा लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते, आणि पक्के लाल बावट्याचे. मी नांदेडला बसून एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, हे ऐकल्यावर म्हातारा असा काही फुलला! "म्हणजे कुणाचीच मालकी न्हाई? ज्याला लागंल त्यानं वापरायचं, ज्याला जमंल त्यानं हातभार लावायचा? अगं माय, हेच तर आम्ही जन्मभर वरडून राहिलो!"

सॉफ्टवेअर तसं साधंच. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मराठी मजकूर आता मोबाइलवर उघडला की नुसत्या किडामुंग्या दिसतात. माझं सॉफ्टवेअर तो मजकूर वाचता येईल असा करून देतं. "अण्णा, यात ना पक्ष, ना क्रांती," मी म्हटलं. "माझी आपली हौस." पण ऐकतील ते अण्णा कसले! त्यांनी लाल शाईत पत्रकं छापली आणि खाली चक्क स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. अडचण आल्यास फोन करावा म्हणे. बस स्टँडवर वाटलेली ती पत्रकं कुठं कुठं पोचली, देव जाणे.

तेव्हापासून माझ्यामागं शुक्लकाष्ठ लागलंय. किनवटकडच्या आश्रमशाळेतले गुरुजी, उमरीचा टायपिंगवाला, सगळे अण्णांना फोन करतात आणि अण्णा मला. "माय, जोडाक्षर फुटून राहिलंय म्हणतेत." मी कॉलेजात दिवसभर शिकवून आलेली, गॅसवर कुकर, आणि हे जोडाक्षर! दुरुस्त केलं तर कुणी हूं का चूं करत नाही. राहिलं, की लगेच "मॅडम, अजून किती दिवस?" हातभार लावायला मात्र एकही माई का लाल आला नाही.

मध्यंतरी कळलं, एका कंपनीनं माझा कोड जसाच्या तसा उचलून स्वतःच्या ॲपमध्ये घातलाय आणि ते ॲप विकायला काढलंय. त्या रविवारी मी लातूरला गेले ती ठरवूनच. हे आता कायमचं बंद करायचं. अण्णांना कंपनीचं सांगितलं, तर ते ताडकन उठले.

"चोर हैत साले! मोर्चा काढू!"

"चोरी नाही अण्णा. कुणीही, कशासाठीही वापरा, असं मीच लिहून दिलंय."

"मालकानं बी?"

"मालकानंही."

अण्णा खाली बसले. चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण सकाळचा प्रवास करून आलेली मी, समजूत घालायची ती पण मीच.

"मग मीच संप करते," मी वैतागून म्हटलं. "पुसून टाकते सगळं. कंटाळा आलाय हो अण्णा. लई कंटाळा."

"कर की. पण कुणाविरुद्ध?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "आम्ही काम थांबवलं की आडत्याची पोती जागच्या जागी पडायची. तुझ्या संपानं त्या कंपनीचं काय अडंल? तिनं तर कवाच नेलं. अडंल ते आश्रमशाळेचं."

मला रडूच फुटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "सुट्टी कवा घेतीस गं तू?"

"आपल्या हौसेच्या कामाला कसली सुट्टी?"

"आमचा पहिला संप सुट्टीसाठीच होता."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस भडाभडा बोलत होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "हाव, आमचंच हाय. हाव, अडलंय तुमचं, कळलं. पण आज न्हाई. आज आइतवार, कामगार सुट्टीवर हाय." पलीकडचा आवाज चढला. अण्णांचा चढला नाही. "आमच्यात मालक न्हाई, साहेब. तुम्ही बी होऊ नका."

मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेर आले, तर अण्णा दारात खुर्ची टाकून, फोन मुठीत धरून बसलेले. संपाच्या दिवसांत मोंढ्याच्या गेटवर बसायचे तसे. मला बघून त्यांनी हातानंच आत जायची खूण केली.

"झोप अजून," म्हणाले. "संप चालू हाय."